एनोचा अख्खा नाच

एनो दुफियेला म्हातारी म्हटलेलं चालायचं, गुडघे गेले म्हटलेलं चालायचं. पण "तुमचा नाच मी फोनवर पाहिला" असं कुणी म्हणालं, की संपलंच.

"पाय दिसले का रे माझे?" ती विचारायची.

समोरचा गडबडून जायचा, कारण पाय कधीच दिसायचे नाहीत. आमच्या माम्पोंग गावात कुणाचं मयत असो नाहीतर नवा मुखिया आसनावर बसो, अडोवा नाचायला एनो हवीच, आणि ती नाचायला उतरली की अंगणभर फोन वर व्हायचे. त्यांत हात दिसायचे, मान दिसायची, पुढच्या माणसाचं टक्कल तर हमखास दिसायचं. एनो गुडघ्यांत वाकली की सगळ्या फोनांतून गायब!

"मेल्यांनी मरायच्या आधीच अर्धी पुरलीय मला," ती म्हणायची.

लोक हसायचे. बिरागोला मात्र ते लागायचं. ती एनोची एकुलती लेक, गावाबरोबर तीही आईला एनोच म्हणायची, आणि तिचं पोट कॅमेऱ्यावरच होतं. आमच्या कुमासीकडे जे सिनेमे निघतात, त्यांतली चालत्या-पळत्या माणसांची दृश्यं तीच घ्यायची. अंगात जाडजूड जाकीट, जाकिटाला कमरेपाशी अडकवलेली स्प्रिंगची भुजा, भुजेच्या टोकाला दांडा आणि दांड्यावर कॅमेरा. बाई धावली तरी चित्र हलायचं नाही, सगळे धक्के त्या स्प्रिंगा गिळायच्या. पंचेचाळिशीची बाई हे लटांबर अंगावर घालून भर बाजारातून पळतेय म्हटल्यावर लोक आधी खिदळायचे आणि मग मुकाट वाट द्यायचे.

एनोला त्याचं कवडीचं कौतुक नव्हतं. तिची आई नाचायची, आजी नाचायची, आणि बिरागोही विशीपर्यंत झकास नाचायची. मग ती कॅमेऱ्याच्या नादी लागली. "माझी लेक सिनेमावाल्यांची हमाली करते," असं एनो शेजारणींना सांगायची, तेही लेकीच्या देखत. बिरागो हसण्यावारी न्यायची. पण राग यायचा हो, खोटं कशाला बोला.

तर यंदा अंपोन्सा नावाच्या दिग्दर्शकाने एनोलाच आपल्या सिनेमात नाचायला विचारलं. एनो तयार झाली, पण एका अटीवर. नाच एकदाच. "तुमचं ते 'पुन्हा एकदा, पुन्हा एकदा' माझ्या गुडघ्यांना समजत नाही," ती म्हणाली. डॉक्टरांनी तर वाकायचंच नाही अशी ताकीद दिली होती. अंपोन्सा भला माणूस. आजीला नानाच म्हणायची आमच्याकडची रीत. तो म्हणाला, "नाना, तुम्ही नुसत्या उभ्याने हात हलवा. तेवढंही पुष्कळ आहे."

"बरं बाबा, तू म्हणशील तसं," एनो म्हणाली. इतकी शहाण्यासारखी ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती, आणि तेव्हाच बिरागोने ओळखायला हवं होतं. पण बिरागोच्या डोक्यात एकच घोळत होतं. ही एक संधी आहे. एनोचा नाच डोक्यापासून टाचेपर्यंत, मध्ये कुठेही न तुटता, एकदा तरी नीट टिपायचा. हे हुकलं तर पुन्हा एनो नाचायची नाही आणि दुसरा कुणी तो टिपायचा नाही.

त्या दिवशी अक्राहून मोठा कॅमेरा आला. भिंग एवढं अगडबंब, की एकट्याने उचलताना माणूस वाकडा व्हावा. बिरागोचा कामातला जोडीदार जांफी याने तो दांड्यावर चढवला, आणि भुजा जी खाली बसली ती थेट तिच्या गुडघ्याशी. जांफीने कपाळाला हात लावला आणि स्प्रिंगा आवळायला घेतल्या. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. भुजेचे दोन भाग, कोपराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. प्रत्येकाला आपापला पेच. ओझं खांद्याने वर तोलून धरायचं, तेव्हा कुठे पेच हलतो, आणि दोन्ही भाग सारखे आवळावे लागतात. एक जास्त, एक कमी झाला की भुजा लंगड्या माणसासारखी कमरेत मोडते. जांफीने घाम गाळून गाळून कॅमेरा छातीच्या उंचीवर आणला.

"बघ, आता हात काढला तरी तिथेच तरंगेल," तो म्हणाला. "उभ्या बाईचा नाच आरामात घे. सासुरवाशिणीसारखी कुंथत बसू नकोस."

"गप रे मेल्या," बिरागो हसून म्हणाली आणि जाकीट उतरवून एनोला बोलवायला खोलीत गेली.

एनो स्टुलावर बसली होती. समोर उकडलेलं सुरण आणि पालेभाजी तशीच पडलेली. नाचाआधी पोट रिकामं ठेवायची तिची जुनी सवय, पण तीही खऱ्या नाचाआधीची. नुसते हात हलवायला कोण उपाशी राहतं? कापडही नेहमीपेक्षा वितभर वर नेसलेलं. बिरागोने खाली वाकून ते जरा बाजूला केलं. दोन्ही गुडघे जुन्या कापडाच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेले.

"एनो! हे काय?"

"थंडी वाजतेय."

"ह्या उन्हात?"

"म्हाताऱ्या माणसाला कधीही वाजते. जा तू, तुझी हमाली बघ."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"त्याचे गुडघे आहेत का हे? आणि हे बघ, त्या अंपोन्साला जाऊन सांगितलंस, तर मी आत्ताच्या आत्ता पोट दुखतंय म्हणून झोपते."

अंपोन्साला सांगावं तर तो घाबरून नाचच रद्द करेल. न सांगावं आणि एनो तिथे कोसळली तर? बिरागो दारापर्यंत जाऊन वळली. मग तिने एनोच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारी खुशीत होती, जत्रेला निघालेल्या पोरीसारखी. त्या तोंडाला नाही म्हणायची बिरागोची छाती होईना.

ती बाहेर आली, जाकीट पुन्हा चढवलं आणि तडक जांफीला म्हणाली, "स्प्रिंगा ढिल्या कर."

"काय?"

"ढिल्या कर. कॅमेरा माझ्या मांडीपाशी आला पाहिजे."

"डोकं फिरलंय का तुझं? ती उभी असेपर्यंत हे सगळं धूड तू मनगटावर उचलून धरणार?"

"धरीन."

"आणि मनगट गेलं म्हणजे?"

"शिआचं लोणी तू चोळशील. पेच फिरव आधी!"

अंपोन्सा घड्याळ बघत आला. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. "सिस्टर बिरागो, आत्ता काय काढलंत? उभ्यानेच नाचणार आहेत ना त्या?"

"म्हणाली तर तसंच," बिरागो म्हणाली. तिला धड खोटं बोलता येत नाही. अंपोन्साने तिच्याकडे पाहिलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं, दाढी खाजवली. "लवकर आटपा," एवढंच तो बोलला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

जांफी कुरकुरत होता, पण हात चालवत होता. दोन्ही पेच सारखे सैल झाले, कॅमेरा खाली आला आणि मांडीशी येऊन निवांत थांबला. बिरागोने बोटाने वर ढकलला, तो हळूच पुन्हा खाली आला. तिला हवं होतं ते हेच.

घंटा वाजायला लागली. अतुम्पान ढोल घुमले. बायकांनी गाणं धरलं आणि एनो सावकाश अंगणात आली.

आधी तिने शब्द पाळला. उभ्याने, तळहात उलट-सुलट करत, मान किंचित कलती करून ती गोल फिरत राहिली. बिरागो तिच्याभोवती मागे मागे सरकत होती, अख्खा कॅमेरा उजव्या मनगटावर तोलून. मनगटात आग पेटली होती. दात ओठ खात ती मनात म्हणत होती, बाई गं, काय करायचं ते कर लवकर.

आणि ढोलाने चाल बदलली. एनो हसली आणि गुडघ्यांत वाकली. अजून वाकली. पार खाली गेली, कापडाचा काठ मातीला टेकेपर्यंत! अंपोन्साने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बिरागोने मनगट नुसतं सैल सोडलं, तसा कॅमेरा आपल्या वजनाने अलगद खाली उतरला, तीही त्याच्याबरोबर वाकली, आणि छोट्या पडद्यावर तिला एनो दिसली. सबंध. चपलांसकट, अंगठ्यांसकट. बिरागोला इतका आनंद झाला की तिला ओरडावंसं वाटलं.

नाच बघणाऱ्या बायका खूश होऊन पुढे आल्या आणि चांगल्या नाचणारीला द्यायची ती दाद म्हणून एनोच्या डोक्यावर दोन दोन बोटं धरू लागल्या. ढोलाचं एक आवर्तन झालं, दुसरं झालं. एनो वर येईना.

तोंडावरचं हसू ढळलं नव्हतं, पण हनुवटी थरथरत होती. मग तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर. अडोवात त्याचा अर्थ असा की माझी भिस्त तुझ्यावर. बायकांनी "एइ!" करून आणखी कल्ला केला. हा नाच नव्हता, गुडघा अडकला होता, हे त्या अंगणात एकट्या बिरागोला कळलं.

"थांबा" म्हटलं असतं तर सगळे धावून आले असते आणि नाच तिथेच संपला असता, कायमचा. बिरागोने भुजेवरचा उजवा हात काढून घेतला. स्प्रिंगा पहिल्यासारख्या आवळलेल्या असत्या तर कॅमेरा उसळून आभाळाकडे गेला असता. तो जागचा हलला नाही. डाव्या हाताची दोन बोटं तिने दांड्याला लावून ठेवली आणि उजवा हात एनोच्या तळव्यावर ठेवला.

म्हातारीने तो असा पकडला की हाडं वाजली. बिरागो त्या सगळ्या वजनासकट ठेक्यावर वर उठली आणि तिच्या हाताला धरून एनोही उठली. उठता उठता म्हातारीने एक गिरकी घेतली, लेकीचा हात सोडला आणि नाच पुरा केला. बघणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरलेलं होतं.

मग जो गोंगाट झाला तो काही विचारू नका. एनोला स्टुलावर बसवलं, घंटा वाजवणारीने तिचे गुडघे चोळायला घेतले, आणि अंपोन्सा पडद्यासमोर बसून पुन्हा पुन्हा तेच बघत राहिला.

"अप्रतिम आहे," तो शेवटी म्हणाला. "फक्त तो हात. कॅमेरावालीचा हात चित्रात येतोय. तेवढ्या जागी बघणाऱ्यांचे चेहरे घालू या का?"

बिरागोचं तोंड उतरलं. तिच्या धंद्यात याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. आणि तेवढं कापलं की नाच पुन्हा तुटकाच. "माझीच चूक," ती म्हणाली. "कापा."

"काय कापताय?" एनो स्टुलावरून ओरडली. "आणा इकडे ते!"

पडदा तिच्या मांडीवर ठेवला. तिने सगळा नाच पाहिला, डोळ्याची पापणी न हलवता. पाय दिसले तेव्हा नुसती "हं" म्हणाली. मग तो हात आला आणि तिने बोट ठेवलं.

"हा कापणार?"

"नाना, कॅमेरा धरणाऱ्याचा हात कधी दिसू द्यायचा नसतो," अंपोन्सा समजुतीने म्हणाला.

"कॅमेरा धरणारीचा कुठला? माझ्याबरोबर नाचणारीचा आहे तो. विशीत सोडलेला नाच आज नाचली माझी पोर, तोही पाठीवर घर घेऊन. ह्यातलं काही एक कापायचं नाही."

बिरागोच्या अंगात जाकीट तसंच होतं. छातीवर पट्टे इतके आवळलेले, की ते घालून धड रडताही येत नाही. ती तरी रडली, आणि जांफी तिचे पट्टे सोडत राहिला.