एका रोलात बारा फोटो

आम्ही तिघं भालकीत एकत्र बसलो की चहा गार होतोच. एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच डोकं वर काढतो, आणि घरी जाताना आठवतं, अरे, तो तर राहूनच गेला!

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. शिवराजअण्णांचं कापडाचं दुकान. सिद्धार्थ जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिघांना वेड एकच, जुन्या कॅमेऱ्यांचं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून उचललेले, तेव्हाच पंचवीस-तीस वर्षांचे झालेले कॅमेरे. लग्न-बारशाचे फोटो आम्ही काढत नव्हतो. कोण दळण घेऊन चाललंय, कोण ओट्यावर दाढी करतंय, ते काढायचो. लोक म्हणायचे, "मास्तर, ह्यात काय हाय बघण्यासारखं?"

*

माझा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा. झाकण उघडलं की आतल्या काचेवर समोरचं सगळं उमटतं, रंगासकट, हलतंसुद्धा!

निर्णा गावात शेवंताबाई अंगणात म्हैस धूत होत्या. मी फोटो काढत होतो.

"काय बघायलाव ओ खाली मान घालून?"

मी कॅमेरा त्यांच्याच हातात दिला. काचेत त्यांचं अंगण. चुन्याची पांढरी भिंत, ओली चमकणारी म्हैस, दोरीवर लाल लुगडं. बाईंनी आत बघितलं, मान वर केली, पुन्हा आत बघितलं.

"मास्तर, हे माझंच घर हाय?"

"तुमचंच की!"

"तीस वर्सं झाली नांदायला... मला कुणी सांगितलंच न्हाई!"

*

अण्णांचा कॅमेरा भात्याचा. चामड्याचा भाता पुढं ओढला की तयार. त्या भात्याला कुठंतरी बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून उजेड आत शिरायचा. हे अण्णांना कळलं नव्हतं.

त्यांनी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या शरणप्पांचा फोटो काढला, चहा गाळताना. धुऊन आल्यावर बघतो तर काय, शरणप्पांच्या डोक्यामागं तेजाचं हे एवढं मोठं वलय! अण्णा फाडायला निघाले, शरणप्पांनी हातातून हिसकावून घेतला आणि फ्रेम करून हॉटेलात लावला. गिऱ्हाइकं येता-जाता हात जोडायला लागली.

आठ-दहा दिवसांनी चहा एकदम फर्स्टक्लास लागायला लागला. अण्णांनी विचारलं, "काय ओ, दूधवाला बदललाव काय?"

शरणप्पांनी फोटोकडं बोट केलं. "असला फोटो डोक्यावर असताना दुधात पाणी कसं घालू, तुम्हीच सांगा!"

*

रोलात फोटो बाराच. शेवटचा एक उरला की हात आखडायचा. सिद्धार्थनं एकदा तो शेवटचा फोटो अडीच महिने राखून ठेवला. "काहीतरी भारी दिसू द्या की!" आणि शेवटी काढला कशाचा? शेजारच्या रिटायर पोस्टमास्तरांच्या वाळत घातलेल्या धोतराचा!

पण शप्पथ सांगतो, वाऱ्यानं फुगलेलं ते धोतर, मागून सकाळचं ऊन... आम्ही तिघंही तो फोटो एकमेकांच्या हातातून ओढून घेत होतो.

पोस्टमास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला, काढून बघितला.

"लई देखणं हाय हो. पण आत मी असताना ते असं कामून दिसत न्हाई?"

*

अण्णांच्या अक्का बिदरला, मैलूरमधे दिलेल्या. अण्णांनी भालकीतल्या घरच्या शेतात उभ्या ज्वारीचा फोटो काढला आणि रोल पुढं फिरवायला विसरले. दुसऱ्या दिवशी मैलूरला अक्का दारात उभ्या होत्या, त्यांचा फोटो काढला. तो पडला थेट ज्वारीवरच! अक्कांच्या खांद्यावरून, लुगड्यातून, केसांतून कणसं वर आलेली.

अण्णा तोंड पाडून फोटो द्यायला गेले. "अक्का, चुकलं माझं. रोल वाया गेला."

अक्कांनी फोटो पदरानं पुसला. मग धाकट्या भावाला हळूच म्हणाल्या, "तम्मा, मी दारात उभी असताना कुठं असते, ते तुला कसं कळलं रे?"

*

हा किस्सा सिद्धार्थ स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

बुद्धपौर्णिमेला खटकचिंचोळीत त्याच्या सगळ्या भावकीचा ग्रुप फोटो काढायचा होता. शाळेतली एक खुर्ची आणली, ती त्याच्या वडिलांसाठी. त्यांना सगळे दादा म्हणत. जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेलेला, दुसऱ्याच्या दाराबाहेर उभं राहण्यात गेलेला.

"मी उभाच बरा हाय."

"न्हाई दादा, आज बसायचं," सून म्हणाली आणि हाताला धरून बसवलं.

फोटो आला. तीसएक माणसं कॅमेऱ्याकडं बघतायत. दादा मात्र खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडं बघतायत.

सिद्धार्थ म्हणाला, "दादा, कॅमेऱ्याकडं कामून न्हाई बघितलाव?"

"तिकडं तुम्ही सगळे बघायलाव की. मी खरंच बसलोय का न्हाई, ते मी बघायलो होतो."

*

आणि गंगव्वांचं.

औरादकडच्या एका खेड्यात सिद्धार्थ गाय बघायला गेला होता, सोबत मी आणि अण्णा. गाय गंगव्वांची. सत्तरी ओलांडलेल्या, माहेरीच भावाच्या घरी राहिलेल्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या.

आमचे कॅमेरे बघून त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांनीबी शहरात जाऊन फोटो काढला होता. कागद वाळवीनं खाल्ला. त्यासंगं एक काळी काच दिली होती, तेवढी हाय. कशाची हाय कुणास ठाऊक. त्यांनी आणलेली म्हणून फेकवंना."

अण्णा एकदम ताठ बसले. "अव्वा, बघू ती काच!"

ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली काच आली. अण्णांनी उजेडासमोर धरली आणि माझा हात घट्ट पकडला. ती फोटोची मूळ निगेटिव्ह होती! पन्नासहून जास्त वर्षांची, एका कोपऱ्याला तडकलेली.

फोटो छापायचा कागद आणि औषधं भालकीला. दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन आलो. कडब्याच्या खोलीची खिडकी गोधडीनं बुजवली. बॅटरीला लाल फडकं बांधलं. कागदावर काच ठेवली, अण्णांनी दार क्षणभर किलकिलं केलं आणि लावलं. गंगव्वा माझ्याशेजारी बसलेल्या.

"अव्वा, तोंड आठवतंय का त्यांचं?" मी विचारलं.

"न्हाई रे बाळा. लई वर्सं झाली पुसून गेलं. आवाज तेवढा आठवतो."

परातीतल्या औषधात कागद सोडला. पांढराच. मग आधी फेट्याची कड आली. मग भुवया. मग डोळे, सरळ आमच्याकडं बघणारे. मिशीसुद्धा धड न फुटलेला, विशीतला मुलगा.

गंगव्वा वाकल्या. सिद्धार्थकडं बघितलं, पुन्हा परातीत बघितलं.

"अगं बाई... हे तर तुझ्यापेक्षाबी ल्हान हाय!"

पाण्याखालून तो मुलगा बघत होता.

मग गंगव्वांनी दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि नव्या नवरीसारखं तोंड फिरवून हसल्या.