मिरकरवाड्यासमोर बुडालेली बोट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे चहा सांडायचा नाही. कारण मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, अख्ख्या मिरकरवाडा बंदराला समुद्रात लोटलं होतं. आणि कशासाठी? तर जी बोट जगात नव्हतीच, ती वाचवायला!

मी तेव्हा रत्नागिरीच्या तार कचेरीत कारकून होतो. लोक मला तारमास्तर म्हणायचे. दिवसभर यंत्राचं कट्ट-कडकट्ट ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं, 'मातोश्री अत्यवस्थ, ताबडतोब निघा.' एवढं ऐकून माणसाचे कान किटायला हवेत की नाही? माझ्या कानांना उलट चटक लागली. मुंबईहून रेडिओवर गाणी यायला लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि गावातल्या दोन-तीन वकिलांकडे त्याची यंत्रं होती. मला गाण्यांचं कौतुक नव्हतं. मला बोटी ऐकायच्या होत्या. दूर समुद्रातून जाणाऱ्या मोठ्या आगबोटी एकमेकींशी बिनतारी बोलतात, आणि बोलतात त्या आमच्याच कट्ट-कडकट्टमध्ये, हे कळल्यापासून मला चैन पडेना.

मग मुंबईहून एका जुन्या यंत्राचे भाग मागवले. मोटारीची बॅटरी मिळवली. कानाला लावायचे दोन डबे आले. घराच्या कौलांपासून परसातल्या माडापर्यंत तांब्याची तार ताणली. आमच्या इंदूने, म्हणजे बायकोने विचारलं की हिच्यावर कपडे वाळत घातले तर चालतील का. मी नाही म्हटलं. तिने घातले.

एक भानगड मात्र होती. अशा यंत्राला सरकारी परवाना लागायचा, आणि तो माझ्याकडे नव्हता. तारखात्याचाच नोकर आणि चोरून तारा ऐकतोय! चोराने पोलीस चौकीत बिऱ्हाड करावं, तसला प्रकार. शिवाय ऐकलेलं कुणाला सांगायचीही बंदी. त्यामुळे कुठल्या कप्तानाला कोळसा हवाय, कुठल्या खलाशाचं पोट दुखतंय, सगळं ऐकायचं आणि गिळायचं.

सांगायला लाज वाटते, पण मी मनातून वाट बघत होतो ती 'एस ओ एस'ची. कुणी बुडावं असं नाही हो! पण कुणी बुडणारच असेल, तर त्या वेळी माझ्या कानाला डबे असावेत, एवढीच इच्छा. माणूस किती वाईट असतो बघा.

नारळी पौर्णिमा होऊन गेलेली. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या, तरी पाणी अजून पुरतं शांत झालेलं नव्हतं. रविवार होता. जेवलो, डबे कानाला लावले आणि दचकून ओढून काढले, इतका मोठा आवाज! तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं.

मी पेन्सिल शोधून कागद पुढे ओढला.

पुन्हा डबे लावले. निरोप उतरवून घेतला. 'एस ओ एस. प्रातिचे. सतरा उत्तर, त्र्याहत्तर पूर्व. बोटीला भोक. पाणी भरतंय. लवकर या.' थोडं थांबून तेच पुन्हा. आणि पुन्हा.

शाळेतला जुना नकाशा काढला. सतराची रेघ धरून बोट सरकवलं, ते सरळ रत्नागिरीवर टेकलं! आता माझी अक्कल ऐका. आवाज एवढा मोठा, म्हणजे बोट अगदी किनाऱ्याजवळ. नाव प्रातिचे, म्हणजे इटालियन असणार. आणि पाठवणाऱ्याचा हात अडखळत होता, मधेच थांबत होता, अक्षरं डगमगत होती. मी इंदूला सांगितलं, बिचाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलंय.

मग मला परवाना आठवला. तिला म्हटलं की सांगायला गेलो तर यंत्राचं बिंग फुटेल, नोकरी जाईल. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नोकरी गेली तर माझा भाऊ दोन महिने जेवायला घालील. बुडालेली माणसं कोण परत आणील?"

मी अनवाणी धावलो. मिरकरवाड्यावर नुकत्याच होड्या लागल्या होत्या, बांगड्याच्या टोपल्या वाळूत मांडलेल्या, लिलाव चाललेला. तिथल्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांमधला सगळ्यात जुना म्हणजे हसनचाचा. साठी उलटलेला, कमी बोलणारा. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं, हा विचारील की तुम्हाला कसं कळलं. त्याने एवढंच विचारलं, "माणसां किती हायत?"

मी म्हटलं, ते कळलं नाही.

तो उठला. बांगडा होता तिथे टाकून चार होड्या पुन्हा पाण्यात ढकलल्या गेल्या. बायकांनी चुली पेटवून पेजेचे टोप चढवले, कारण बुडता बुडता वाचलेल्याला आधी गरम काहीतरी द्यावं लागतं. कुणी डॉक्टरांना बोलवायला गेलं. मी हसनचाचाच्या होडीत चढलो, तेवढ्यात लुंगी खोचत एक उंच माणूस उडी मारून आत आला. तो इब्राहिम, जवळच राहणारा. मोठ्या आगबोटीवर बिनतारी यंत्र चालवायचा आणि रजेवर घरी आला होता. माझा जीव भांड्यात पडला. बिनतारीतला माणूस बरोबर! देव पावला म्हणायचा.

बाहेर लाटा उंच होत्या. मला दोनदा ओकारी झाली. चहूकडे नुसतं पाणी, बोट नाही, धूर नाही, लाकडाचा तुकडा नाही. अर्धा तास गेला असेल. मग बाजूच्या होडीवर लाट आदळली, वल्हं उसळलं आणि वल्हवणाऱ्या दाऊदच्या कपाळावर बसलं. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. त्याने डोक्याचं फडकं तिथे बांधलं आणि परत वल्हं धरलं. परत जाऊया असं एकजणही म्हणाला नाही.

इब्राहिमने मला जहाजाचं नाव विचारलं. मी सांगितलं, प्रातिचे. असं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मग त्याने स्पेलिंग विचारलं. मी खिशातला कागद काढून वाचलं, "पी, आर, ए, टी, आय, सी, ई."

त्याने कागद माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, एक सी राहिला."

मी म्हटलं, "राहणारच. अजून पुष्कळ सी आहे पुढे."

"समुद्र नव्हं ओ. सी अक्षर. ए-च्या मागसून एक सी लावा."

लावला. प्रॅक्टिस.

मला आधी काही समजेचना. मग त्याने मान खाली घालून सांगितलं. त्याच्या बहिणीला, झुबेदाला, हे यंत्र शिकायचं होतं. हट्टच धरून बसली होती. म्हणून त्याने सरावाचं एक छोटं यंत्र तिला जोडून दिलेलं, त्यातून ठिणगी उडायची, आणि ती जवळपासच्या बिनतारी यंत्रात ऐकू यायची. आणि पाठवायला एक खोटा निरोप लिहून दिलेला, वर प्रॅक्टिस असं लिहून. जागा कुठली घालायची, तर सुचेना म्हणून स्वतःच्या घराचीच घातली. ते घर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर, मधे फक्त माडांची बाग. हल्लागुल्ला ऐकून तो किनाऱ्याकडे धावला, तेव्हा तिला सांगून आला होता की तू सराव चालू ठेव.

आता त्या होडीत माझी काय अवस्था झाली असेल? समुद्र समोर होताच, उडी मारायची तेवढी बाकी. पण मग मला वाचवायला पुन्हा हेच लोक पाण्यात उतरले असते.

हसनचाचाला सांगायचं कुणी? मीच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, बाकीच्या होड्यांना हाताने परतायची खूण केली आणि सुकाणू फिरवलं. किनारा जवळ आल्यावर म्हणाला, "बोट नव्हती ता बरा झाला, मास्तर. असती तर आमी पोचलो नसतो. उशीर केलाव आमी."

मला रडू आलं. चिडला असता तर परवडलं असतं.

किनाऱ्यावर घारी आणि मांजरं मिळून बांगडा संपवत होती. डॉक्टर बॅग उघडून उभे होते, त्यांना निदान दाऊदचं कपाळ मिळालं. आणि सगळ्यात मोठ्या टोपापाशी, डोक्यावरची ओढणी सावरत पेज ढवळत कोण होतं? झुबेदा! बोट बुडतेय असं बाहेर कुणीतरी ओरडताना ऐकलं, तशी ती सराव टाकून बुडणाऱ्या लोकांसाठी पेज करायला धावली होती. खरं काय ते इब्राहिमने तिच्या कानात सांगितलं, तेव्हा तिच्या हातातला डाव टोपात पडला. मग ती पेज आम्हीच प्यायलो, सगळे ओळीने बसून. दाऊदने सरकून मला शेजारी जागा केली. माझ्या मागोमाग किनाऱ्यावर आलेल्या इंदूने मला दुसऱ्यांदा वाढली.

सोमवारी कचेरीत पोस्टमास्तरसाहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचणारच होती. मी रात्रभर बसून कबुलीजबाब लिहिला होता. विनापरवाना यंत्र, चोरून ऐकलेला निरोप, सगळं. तो पुढे ठेवला आणि नोकरीची आशा सोडून उभा राहिलो. साहेबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. परवाना या आठवड्यात काढून घ्या म्हणाले. मग त्यांनी विचारलं की निरोप पाठवणारं ठिकाण तुमच्या यंत्रापासून किती लांब होतं.

मी म्हटलं, "दोनशे पावलं, साहेब."

साहेबांनी कागद फाडून टोपलीत टाकला. म्हणाले, "तारमास्तर, दोनशे पावलांवरची बाई काय करतेय ते कळायला बिनतारी यंत्र लागत नाही. बायकोला विचारायचं."