भिंतीवरची सरकारी तारीख

लग्न होऊन मी अकोल्याच्या जुन्या शहरात आले, तेव्हा सरकार हात धुऊन मलेरियाच्या मागे लागलं होतं. एका सकाळी पंप घेऊन फवारणीवाले आमच्या मातीच्या घरात शिरले. सासूबाईंनी त्यांनाच कामाला लावलं. "भित्तीले काहून मारून राहिला रे बापू? खाटेले मार, ढेकणं तिथं हायेत!"

खाट झाली, मग भिंती झाल्या. जाताना त्यांनी भिंतीवर गेरूनं तारीख लिहिली आणि बजावलं, "दिवाळीपर्यंत सारवू नका, औषध झाकलं की डास मरत नाहीत."

पण नणंदेला पाहायला मोर्शीचे पाहुणे यायचे होते आणि भिंतींवर हे पांढरे ओघळ! दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्याकडून साऱ्या भिंती शेणामातीनं सारवून घेतल्या. सरकारी अक्षर म्हणून तारीख तेवढी सोडायला लावली.

पुढं तपासणीला साहेब आले. तारीख वाचून खूश झाले, चहा प्यायले आणि गल्लीला आमच्या घराचा कित्ता गिरवायला सांगून गेले. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

डासांना मात्र वाचता येत नसावं. त्या पावसाळ्यात पहिली हुडहुडी सासूबाईंनाच भरली.