फुप्फुसातला भंडारा

आमच्या आबांनी आटपाडीच्या माळावर हाळी घातली, की जतकडची मेंढरं माना वर करून बघायची. खोटं वाटत असेल तर त्या मेंढरांना विचारा. तोच माणूस मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर पडून ‘पाणी’ एवढा शब्द दोन दमांत म्हणत होता.

डाव्या फुप्फुसात सावली होती. कसली, ते एकाही फोटोत कळेना. नेहमीची दुर्बीण जाड, ती वाटेतच अडायची. छाती उघडावी तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “टेबलावरून उठणार नाहीत.” उरली काचेची तार. तिचं मशीन पुण्याहून एका दिवसापुरतं येणार, संध्याकाळी परत जाणार.

मॅडमनी नीट समजावलं. तार एकच दिसते, पण तिच्यात केसाहून बारीक असे काचेचे हजारो धागे. एकेक धागा आतला एकेक ठिपका बाहेर आणतो. टोकातून निळा उजेड सोडला की फुप्फुसाची जाळी आपसूक चमकते. जाळी धड असली तर औषधांवर भागेल. “आणि मोडलेली असली तर?” मी विचारलं. “मग तिथला तुकडा काढून तपासायला लागेल,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर येऊन मी आबांना भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, “त्या तारेतनं मुंगीनं सकाळी काय खाल्लं तेबी दिसतं!” पाहुणे खूश झाले. मी मात्र भिंत धरून उभा होतो.

मशीन यायच्या दिवशी सकाळपासून पोटात काही नको, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आम्ही चहाचा थेंब दिला नाही.

आबा माझा हात सोडेनात, म्हणून मलाही आत घेतलं. घसा बधिर करून दुर्बीण घातली, तिच्या पोटातून तार पुढं सरकवली. निळा उजेड पडला आणि पडदा असा पेटला, की गावची जत्रा त्यापुढं अंधारी. जाळी-बिळी काही नाही, नुसता हिरवा-पिवळा भडका.

“काय खाल्लंय यांनी?” मॅडम ओरडल्या.

“कायबी न्हाई. आईशपथ!”

“मग हे काय आहे?”

मी बाहेर पळालो. आबांची बहीण, आमची आत्ती, बाकावर बसली होती.

“आत्ती, आबांना काय दिलंस?”

“खायाला कुठं दिलंय? भंडारा दिला. देवाचा भंडारा म्हंजे खाणं व्हय रं?”

“किती?”

“मूठभर. एवढ्या दुखण्याला चिमटीनं काय हुतंय?”

तिचं काय चुकलं? आमच्याकडं कडक उपासालाही आधी भंडारा तोंडात पडतो. त्याला खाणं कुणी म्हणत नाही. आबांनी तो कोरडाच घेतला, ठसका लागला आणि हळद श्वासाबरोबर खाली उतरली. निळ्या उजेडात हळद अशीच पेटते, असं मॅडमनी सांगितलं. त्यांनी पाणी सोडून आत धुतलं, पण आबांचा दम तुटायला लागला, यंत्रं कोकलायला लागली. तार बाहेर ओढली.

“आत्ता नाही. सहन होणार नाही.”

पुण्याचा मशीनवाला पेटी भरायला लागला. मी त्याचे पाय धरले. “साहेब, सगळा कळप तुमच्या दारात आणून सोडतो.”

“फ्लॅटात राहतो हो मी,” तो कसनुसा म्हणाला. “ऊन उतरेपर्यंत थांबतो. पुढं माझ्या हातात नाही.”

आत्ती पिवळा तळवा लुगड्याला घासत होती. “माझ्याच हातानं घालवला का रं भावाला?”

उतरत्या उन्हात आबांचा दम जरा सावरला, तसं त्यांना पुन्हा आत घेतलं. पडद्यावर पिवळ्या ठिणग्या थोड्याच उरल्या होत्या. त्यांच्यामागं जाळी दिसली, घोंगडीच्या विणीसारखी, नेटकी. मॅडम तार तसूतसूनं सरकवत होत्या. जाळी होती, जाळी होती, आणि मग नव्हती. फाटक्या दशा आणि मधे काळे गोळे. मॅडमनी तार तिथंच बराच वेळ धरली. तिथलाच तुकडा चिमट्यानं काढला.

“तपासणीचं येईल तेव्हा येईल,” त्या मला हळू म्हणाल्या. “तुम्ही मन घट्ट करा.”

घसा मोकळा झाल्यावर आबांनी विचारलं, “काय दिसलं रं?”

“काय न्हाई आबा. मोहरीएवढा डाग हाय. गोळ्यांनी जाईल.”

“मांजर बघून वाघ सांगणारा तू. आन मोहरीएवढा म्हंतूस?” आबांनी दम घेतला. “तुझ्या आत्तीला सांगू नगंस. भंडाऱ्यानं झालं म्हनून ऊर बडवंल.”

बाहेर आलो तशी आत्ती उठली. मी म्हणालो, “आत्ती, तुझ्या भंडाऱ्यानं आत दिवा लावला, म्हनून तर डाग घावला. मॅडमबी चाट पडल्या!”

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग माझी बाही धरली. “मग आता बरा हुईल न्हवं रं?”

मी म्हणालो, “चल, आधी च्या घिऊ.”