मांजरीच्या पायाचं प्लास्टर

ब्याण्णव किंवा त्र्याण्णव साल असेल. मी बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज एस.टी.नं जाऊन येऊन करायची. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला मला घालायचं की नाही, हे वडिलांनी अजून ठरवलं नव्हतं.

त्या थंडीत ज्वारीचं पोतं कलंडलं आणि आमच्या मांजरीचा पुढचा पाय मोडला. शेजारचे आबा हाडं बसवायचे. भिगवणपासून माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांनी मांजरीचा पाय चाचपला आणि म्हणाले, "बसवतो की. कळकाच्या कामट्या आणा, बांधाया."

एरवी मी मोठ्यांपुढे बोलत नसे. त्या दिवशी कुठून धीर आला, कोण जाणे. मी म्हणाले, "नको आबा. हे शास्त्रीय पद्धतीनं व्हायला पाहिजे."

आबा धोतर झटकून उठले. "बरं बाई. शास्त्राचं बगा."

वडील ऐकत होते. मला कळलं की आता मांजर लंगडली तर माझं शिक्षणही लंगडणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला पिशवीत घालून बारामतीच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे म्हशी, शेळ्या आणि मी रांगेत होतो. डॉक्टरांनी हसत हसत का होईना, प्लास्टर घातलं. एकवीस दिवस उडी मारू द्यायची नाही, मग कोमट पाण्यात भिजवून काढायचं, असं सांगितलं.

मांजरीला उडी मारू नकोस हे सांगणार कोण? आईनं कोंबड्या झाकायचं डालगं तिच्यावर पालथं घातलं आणि वर पाटा ठेवला. कोंबड्या बेघर झाल्या. संध्याकाळी त्या डालग्याभोवती उभ्या राहून आत बघत, आणि मांजर आतून त्यांच्याकडे बघे.

मी सकाळी अंधारात निघायची, दिवेलागणीला परतायची. आल्याबरोबर डालग्याच्या फटीतून पांढरं प्लास्टर बघायची आणि आईला समजावायची, "बघ, आत हाड जुळतंय. याला विज्ञान म्हणतात."

"व्हय, व्हय," आई म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

पंधरवड्यानंतर एक गंमत दिसली. कोंबड्या फटीतून माना घालून प्लास्टर टोचत होत्या. मी विचार केला आणि घरच्यांना सांगितलं, "कोंबड्यांना कॅल्शियम लागतं. अंड्याच्या कवचासाठी." वडिलांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मला फार बरं वाटलं.

एकविसाव्या दिवशी रविवार होता. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि मांजरीचा पाय त्यात धरला. आबा सहज आल्यासारखे येऊन बसले. थोड्या वेळानं प्लास्टर बोटांना चिकटायला लागलं. पाणी पांढरं, दाट झालं. तांदळाच्या पिठाचा वास सुटला आणि सगळ्या कोंबड्या धावत आल्या. पिठाखाली जुन्या धोतराची चिंधी होती. चिंधीखाली कळकाच्या कामट्या.

मी आईकडे बघितलं. आई पदर सावरत हळूच म्हणाली, "तुजं ते पयलं चौथ्याच दिवशी कुरतडून टाकलं तिनं. मग आबास्नी बोलावलं. वरून पिठाची खळ म्या लावली. तुला वाईट वाटंल म्हनून."

"रोज?"

"कोंबड्या ठिवत हुत्या का एक दिवस तरी?"

कामट्या सोडल्या. मांजर उठली, पाय झटकला आणि चारही पायांवर चालत उंबऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात वडील गोठ्यातून आले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. मला त्यांना खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, "दादा, हे खरं तर आबांनी..."

"गप बस," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "मांजराचा वैद म्हनून नाव झालं, तर भिगवणची मानसं येतील का माज्याकडं?" मग मोठ्यानं वडिलांना म्हणाले, "आरं, पोरगी हुशार हाय तुजी. डाक्टर बराबर निवडला."

वडील मांजरीपाशी उकिडवे बसले, तिचा पाय नीट निरखला. माझ्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं, त्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"दुसऱ्या वर्षाला," ते म्हणाले, "पुस्तकं कंची कंची लागत्यात?"