फळ्याला घातलेला हार

नव्याकोऱ्या डिजिटल फळ्याला मी झेंडूचा हार घातला. चांगला ठसठशीत, दोन्ही कोपऱ्यांना सुतळीनं बांधून, मधोमध काचेवर लोंबेल असा. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. उलट मागच्या बाकापर्यंत जाऊन, एक डोळा मिटून, हार दोन्हीकडून बराबर आहे ना, हेसुद्धा पाहून घेतलं.

खरं तर तो हार फळ्यासाठी नव्हताच. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडत होती आणि आठवीत नव्यानं येणाऱ्या पोरांच्या स्वागताला एक पाहुणे यायचे होते. ते आले नाहीत. भोकरदनच्या बाजारातून आणलेला हार ऑफिसातल्या टेबलावर पडून राहिला. मुख्याध्यापक म्हणाले, "आता याचं काय करायचं, सर?" मी म्हणालो, "नवी वस्तू आलीय, तिलाच घालू." फळा आम्हाला जालन्याच्या एका स्टील कारखान्यानं दिला होता. आमच्याकडं नवा ट्रॅक्टर आला तर त्याला हार, पिठाची गिरणी आली तर तिला हार. मग फळ्यानंच काय पाप केलं? नारळ फोडला, कुंकू घेतलं. ते मी थेट काचेवर लावणार, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी माझा हात धरून फ्रेमकडं नेला. त्या दिवशी शाळेत झालेलं शहाणपणाचं काम म्हणजे एवढंच.

माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. सुट्टीतल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की पहिल्या दिवशी अनोळखी पोरं दगडासारखी बसतात, त्यांना फळ्यावरच्या खेळानं बोलतं करायचं. याला 'आईसब्रेकर' म्हणतात. आमच्याकडं जूनमध्ये बर्फ सापडला तर गोळेवाल्याच्या गाडीवरच, पण तो शब्द मला इतका आवडला की सासुरवाडीला वडीगोद्रीला गेलो तेव्हा मेव्हण्यांनाही तो कारण नसताना दोनदा ऐकवला.

तोच शब्द मी त्या सकाळी शाळेच्या गेटवर वापरला, आणि पुरता अडकलो.

भोकरदन-जाफराबाद रस्त्यावर चालणारी एक काळीपिवळी जीप गेटसमोर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. मागून त्याची मुलगी उतरली, दप्तर पोटाशी धरून. तो मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, एक बात हाय. पोरगी सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती. पुढची उर्दू शाळा गावात न्हाई, म्हणून तुमच्याकडं नाव घातलं. पण ती म्हणती, एक दिवस बघते. कुणी माझ्याशी बोललं न्हाई, तर उद्यापासून जाणार न्हाई."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं ठीक हाय. मला तिला लई शिकवायचंय, सर. पण जबान दिली. जबरदस्ती करणार न्हाई."

मी छाती पुढं काढली. "बिलकुल काळजी करू नका. मी आज आईसब्रेकर घेणार आहे."

भरलेल्या जीपला हात करून खिडकीची जागा मागणाऱ्याकडं ड्रायव्हर जसा बघतो, तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "घ्या," म्हणाला, "जे घ्यायचं ते घ्या. पण आजच घ्या."

आठवीचा वर्ग भरला. आमच्या शाळेत आठवीला आजूबाजूच्या तीन गावांची पोरं येतात आणि पहिल्या दिवशी गावागावानं बसतात, जणू ग्रामपंचायतीची हद्दच बाकांवरून गेलीय. ही पोरगी शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी, एकटी. तिनं दप्तर बाकावर ठेवलं नाही. मांडीवर घेऊन त्याचे बंद दोन्ही मुठींत धरून बसली. एसटी कधीही येईल म्हणून स्टँडवर बसतात ना, तशी.

मी खेळ सांगितला. प्रत्येकानं पुढं यायचं, फळ्यावर बोटानं आपलं नाव लिहायचं आणि आपल्याला आवडणारी एक गोष्ट लिहायची. सांगून झाल्यावर शेवटच्या बाकाकडं पाहिलं, तर दप्तराचे बंद आणखी आवळलेले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. जी पोरगी सात वर्षं उजवीकडून डावीकडं लिहीत आली, तिला मी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर, काचेवर, मराठीत लिहायला लावणार होतो. बर्फ फोडायला निघालो होतो, आणि आणखी एक लादी आणून ठेवली.

माघार कशी घ्यावी याचा विचार करत मी फळा सुरू केला. लगेच कॅल्क्युलेटर उघडलं. मी हातही लावला नव्हता. मग नकाशा उघडला. मग परत कॅल्क्युलेटर. आता कबूल करतो, मी पोरांना सांगितलं, "बघा, किती हुशार यंत्र आहे. आपल्या मनातलं ओळखतं."

पुढच्या बाकावरचा एक जाफराबादकडचा पोरगा म्हणाला, "सर, तुमच्या मनात कॅल्क्युलेटर होतं?"

कशीबशी कोरी पांढरी पाटी उघडली. तर तिच्यावर कुणी न लिहिताच एक निळी रेघ उमटली. थरथरत खाली आली, वळली, परत वर गेली. मग तिच्या शेजारी दुसरी. पोरं बाकावरून अर्धी उठली. कुणीतरी हळूच "भूत हाय" म्हणालं. मी पुसलं, रेघा परत आल्या. रुमालानं काच घासली, तर रुमालाचीही जाड रेघ उमटली. बंद करून सुरू केलं, तरी तेच.

गोंधळ ऐकून मुख्याध्यापक आले. फळ्याकडं पाहून त्यांनी निदान केलं, "गरम झाला." स्वतः जाऊन ऑफिसातला टेबलफॅन घेऊन आले आणि फळ्याच्या तोंडावर सोडला. मग तर विचारू नका. रेघांचा पार गुंताळा झाला. आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून काचेसमोर उभे. दोघांची मिळून नोकरी किती झाली ते सांगत नाही, लाज वाटते.

"सर."

आवाज शेवटच्या बाकावरून आला. सगळ्यांनी मागं पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण वाक्य पुरं केलं.

"फुलं लिहून राह्यली."

आम्ही वर पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं हार झुलत होता. मधलं लोंबतं फूल काचेला टेकून डावीकडं गेलं, रेघ डावीकडं. उजवीकडं आलं, रेघ उजवीकडं. त्या फळ्याला बोट काय आणि झेंडू काय, सारखंच. काचेला जे टेकलं ते त्याच्या लेखी लिहायला आलेलं. एवढा मोठा पिवळाजर्द हार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि पूजेचा म्हणून तो कुणालाच दिसत नव्हता.

वर्ग असा हसला की शेजारची नववी दारात आली. मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हार सोडायला हात वर केला, तर मुख्याध्यापक म्हणाले, "पूजेचा हाय सर. आज काढू नका. उद्या सुकल्यावर काढू."

आता हार काढायचा नाही, आणि फळा तर वापरायचा. हार निदान काचेपासून वर धरावा म्हणून स्टुलावर चढता चढता मला सुचलं. आयुष्यात फार वेळा सुचत नाही, म्हणून ती वेळ अजून लक्षात आहे. मी हार दोन्ही हातांनी वर उचलून धरला आणि म्हणालो, "खेळ बदलला. लिहायचं काहीच नाही. एकदा फुलांची पाळी, एकदा तुमची. फुलांनी काढलेल्या रेघेतून चित्र पुरं करायचं. आणि ज्यानं भूत पकडलं, त्याची पाळी पहिली."

ती उठेना. मग जाफराबादकडचा तो पोरगा मागं वळून म्हणाला, "चल ना, सरचे हात दुखतील." हे त्याचं तिच्याशी पहिलं बोलणं.

ती आली. दप्तर घेऊनच आली. फळ्यापाशी उभी राहिली, फुलांनी काढलेला कुबडा गुंता बराच वेळ पाहिला, आणि मग बोट लावायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून दप्तर खाली ठेवलं. माझ्या पायाशी, स्टुलाला टेकवून. मी वरून ते पाहिलं आणि हार आणखी उंच धरला.

त्या कुबडातून जीप निघाली. रेघ निळी, पण जीप काळीपिवळीच. टपावर बोचकी, दार अर्धवट उघडं, मागं लोंबकळणारी माणसं. त्यातल्या एकाचं धोतर वाऱ्यानं फुगलेलं.

"सर, तो धोतरवाला माझा आजा हाय," तो पोरगा म्हणाला. "रोज तसाच लटकतो."

"लटकू नका म्हनलं तरी ऐकत न्हाईत," ती पटकन म्हणाली. "अब्बा रोज वरडतात."

"घरी आम्ही पण वरडतो."

झालं. पुढं मला काहीच करावं लागलं नाही, हार धरण्याशिवाय. ज्याला त्याला त्या जीपमध्ये बसायचं होतं. एकेक जण येऊन आपापलं डोकं काढू लागला आणि कुणी कुठं बसायचं ते ती ठरवू लागली. "तू टपावर. तू पुढं न्हाई, पुढं दोघी झाल्या. थोडं सरका." तिन्ही गावांची पोरं एका जीपमध्ये कोंबली गेली, आणि हद्दीवरून कुणी तक्रार केली नाही. मधूनमधून मी हार सोडायचो, मग फुलं जीपमागं धुरळा काढायची. मुख्याध्यापक दारात उभे राहून शेवटी म्हणाले, "माझं डोकं कुठं काढलंय?" तर तिनं त्यांना पंख्यासकट टपावर बसवलं.

घंटा झाली तेव्हा माझे खांदे भरून आले होते आणि शर्टाच्या बाह्या हळदीच्या कार्यातून आल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. ती दोन पोरींच्या मधे बसून डबा खात होती. दप्तर अजून स्टुलापाशीच पडलेलं. कुणाला त्याची आठवण नव्हती.

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम गेटवर थांबलो. जीप आली. ती पुढं चढली आणि बापाशी भराभर बोलू लागली. बोलता बोलता दोन्ही हात डोक्यावर धरून कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. कुणाची ते मला कळलं. बाप स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला. मग खाली उतरून माझ्याकडं आला, तेव्हा त्याचा चेहरा सकाळचा नव्हता.

"उद्या येती म्हणती, सर. परवा बी. रोजच येणार म्हणती."

मी आखडलेले खांदे जमेल तेवढे ताठ केले. आयुष्यात एकदा तरी आपली स्तुती समोरून ऐकावी म्हणून विचारलं, "असं काय आवडलं म्हणे तिला?"

त्यानं परत जाऊन जीपचं दार धरलं आणि तिथून सांगून टाकलं.

"म्हनली, अब्बा, सरला काहीच येत न्हाई, रोज जावं लागंल."