गजाननचा पाय मी का मोडला

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणूनच. मी रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर. शेवटच्या काही वर्षांत तर पडलेल्या इमारती बघायला जाणं हाच माझा मुख्य उद्योग झाला होता. बाल्कनी कोसळली, पाण्याची टाकी कलली, वाऱ्यानं शेड उचललं, की बोलवा मला. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कोपऱ्यात घेऊन सांगायचंच... साहेब, जागाच वाईट होती. मी म्हणायचो, जागा वाईट नसते, लोखंड कमी असतं. भुताखेताची जबाबदारी मी कधी कुठल्या रिपोर्टात टाकली नाही. म्हणून हे लिहायला मला इतका वेळ लागला.

छत्रपती संभाजीनगर... माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं... तर शहराबाहेर हर्सूलच्या पुढे, जळगाव रोडपासून जरा आत एका मंगल कार्यालयाचं काम चालू होतं. कॉन्ट्रॅक्टर गजानन. मूळचा सोयगावकडचा, तरुणपणी माझ्याकडे ड्रॉइंग काढायला होता, मग स्वतःची कामं घ्यायला लागला. मोठ्या हॉलचा स्लॅब ओतायचा होता. "सर, नारळ तुमच्या हातानं फुटला पायजे," म्हणून मला घरून गाडीत घालून घेऊन गेला. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. सांगायचा मुद्दा असा की अंधारबिंधार काही नव्हता.

नारळ फुटला, पंप सुरू झाला. आमच्या वेळी स्लॅब म्हणजे घमेल्यांची रांग आणि दिवसभर आरडाओरडा. आता ट्रकमधून तयार माल येतो आणि पाइपातून वर जातो. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईनं ड्रॉइंग काढायचो, चुकलं की ब्लेडनं खरवडायचो. एका फ्रेमचं गणित हातानं सोडवायला आठवडा जायचा, पण त्या आठवड्यात प्रत्येक बीम ओळखीचा व्हायचा. गजाननने मला मोबाइलवर अख्खी बिल्डिंग फिरवून दाखवली.

"बघा सर, सगळं हिरवं हाय. लाल काहीच नाय."

"कॉम्प्युटरला तू जेवढं सांगितलंस तेवढंच तो बघणार," मी म्हणालो. "चल, टेकू बघू."

स्लॅबखाली गेलो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरलो. लोखंडी टेकू सरळ होते, खाली जाड फळ्या होत्या, आडवे-तिरपे पाइप नीट आवळलेले होते. खोट काढायला आलेल्या माणसालाही खोट सापडू नये इतकं चोख काम. मी गजाननच्या पाठीवर थाप मारली आणि तसं म्हणालो सुद्धा.

तो म्हणाला, "चला सर, चहा घेऊ."

आणि आवाज बंद झाले.

पंपाचा, माल दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा, वरच्या माणसांचा... सगळाच. गजाननचे ओठ हलताना दिसत होते. मग राग आला. मला राग आला की मी चपला घालून बाहेर फेरी मारून येतो, बायकोला विचारा. हा राग तसा नव्हता. थंड होता. माझा नव्हता असंच म्हणावं लागेल, दुसरा शब्द नाही.

एका कॉलमला पहार टेकवून ठेवली होती. माझा उजवा खांदा तेव्हा वर्षभर जखडलेला होता, शर्टाची बाही घालायलाही बायको लागायची. त्या हातानं मी पहार उचलली आणि गजाननच्या गुडघ्याखाली मारली. मला परत ऐकू आलेला पहिला आवाज त्याचं हाड मोडल्याचा.

तो पडला. "सर," एवढंच म्हणाला. मी दुसरा घाव त्याच्या खांद्यावर घातला. टेकूंवर नजर ठेवायला खाली संतोष नावाचा मिस्त्री होता, तो मला धरायला धावला. पहारीचं टोक उलटं फिरवून त्याच्या जबड्यावर मारलं. तो रक्त आणि दात थुंकत मागं सरकला. मग मी गजाननला कॉलरला धरलं आणि खडीवरून फरफटत बाहेर नेलं. तो किंचाळत होता, मोडलेला पाय दगडांवर आपटत होता, आणि मी एक शब्द बोलत नव्हतो. सगळे हेच सांगतात. सरांच्या तोंडातून चकार शब्द नव्हता.

"म्हातारा येडा झाला. धरा त्याला, मालकाला मारतोय," कुणीतरी ओरडलं.

खालचे सगळे माझ्यामागं धावले. वरचे पटापट उतरले. रस्त्याजवळ मला गाठलं आणि मग मला मारायला सुरुवात झाली. लाथा, फावड्याचा दांडा, कुणीतरी वीट. बरगड्या मोडल्या, डावा डोळा मिटला. माझी काही तक्रार नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही मारलं असतं. राग जसा आला तसा निघून गेला होता. मी मातीत गाल टेकून पडलो होतो, आणि गालाखालची जमीन हादरल्याचं मला जाणवलं.

स्लॅबला मधोमध पोट आलं. टेकू एकेक करून काडीसारखे वाकले, काही बाजूला उडाले, आणि सगळा हॉल ओल्या काँक्रीटसकट खाली बसला. धूळही फारशी उडाली नाही, माल ओला होता ना. मला मारणारे हात थांबले. एकाचा पाय तसाच माझ्या छातीवर राहिला होता, काढायचं त्याला सुचत नव्हतं.

सगळे बाहेर होते. एक सोडून.

विलास, गजाननचा चुलत भाऊ, वर व्हायब्रेटर धरून होता. बाकीचे उतरताना तो म्हणाला होता, "तुमी जा रे, माल घट्ट होईल. मी बघतो हे." त्याच्याबरोबरच्यांनी ते ऐकलं होतं. लोकांनी हातांनी काँक्रीट उपसलं, बोटं सोलली. आधी त्याचा हात दिसला. बाकी लिहीत नाही.

पोलीस आले तेव्हा गजाननने सांगितलं, पाय स्लॅब पडताना मोडला. संतोषनं जबड्याचं तेच सांगितलं. माझ्याबद्दलही सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यांनी आपसात काही ठरवलेलं नव्हतं.

कारण सापडलं. खाली जुन्या नहरीची एक विसरलेली शाखा होती... आपल्या शहराखाली पाण्याचे असे जुने बोगदे आहेत, ठाऊकच असेल. कॉलमचे पाये खडकावर होते, माती तपासायला घेतलेली भोकं बरोबर तिच्या दोन्ही बाजूंना पडली होती. ओल्या मालाचा सगळा भार टेकूंवर, टेकू भरावावर आणि भरावाखाली पोकळी. हे सगळं मी समजावून सांगू शकतो. स्लॅब का पडला हे विचारा, मी आकृती काढून देतो.

पण मला कसं कळलं? मुळात कळलं तरी होतं का? डॉक्टर मित्र म्हणाला, इतक्या वर्षांच्या सवयीनं कानाला बारीक कुरकुर आली असेल, मेंदूनं परस्पर निर्णय घेतला असेल. पण तसं असतं तर मी "पळा" म्हणून ओरडलो असतो. आणि तो खांदा? "ते मात्र मलाही सांगता येत नाही," म्हणाला. त्याच दिवशी संध्याकाळी हात परत जखडला होता.

गजानन कुबडी घेऊन घरी आला होता.

"सर, खरं सांगा. तुमाला दिसलं होतं ना काहीतरी?"

"दिसलं असतं तर बोललो नसतो का? तुला मारलं कशाला असतं?"

तो विचार करून म्हणाला, "बोलला असता तर मी ऐकलं नसतं, सर. माल चालू होता."

विलासचा तेरावा झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. त्याची बायको कल्पना दारातच बसली होती. मला ओळखलं तिनं. पाणी दिलं, चहा टाकला. मग समोर बसून शांतपणे विचारलं,

"लोकं म्हणत्यात, तुमच्या अंगात कुणीतरी आलं आन् समद्यांना मारून मारून भायेर काढलं. खरं हाय का?"

"मला माहीत नाही, ताई."

"ते नसंल तुमाला म्हाईत. पण मग ह्यांना का नाय मारलं? ह्यांचा बी एखादा पाय मोडायचा ना."

मी चहा संपवला आणि कप उंबऱ्याशी ठेवला. इमारती का पडल्या याची उत्तरं देत मी म्हातारा झालो, आणि त्या बाईचा प्रश्न मात्र इथं तुमच्यापुढे ठेवतोय.